टेन्शन मत ले

जबलपूरला रांझी भागातल्या आमच्या घरात मराठी बोलत, दाराबाहेर हिंदी. टेन्शन हा शब्द दोन्हीकडे चाले, पण सारखा नाही. मराठीतलं टेन्शन किरकोळ असे. दूध नासलं, टेन्शन. पाहुणे येऊन राहिले, टेन्शन. आई दिवसभर टेन्शन-टेन्शन करायची आणि मजेत असायची.

खरंच काही झालं, की मात्र घरात हिंदी सुरू व्हायची. बाबा एकदा सायकलवरून पडले. रक्ताळलेलं कोपर पाठीमागे लपवून ते दारातूनच म्हणाले, ‘टेन्शन मत लो, कुछ नहीं हुआ.’ जणू हिंदीत सांगितलं की ते शेजाऱ्यांच्या घरी घडलं. बाबा गेले त्या सकाळी आईनंही मला फोनवर हिंदीतच सांगितलं होतं.

आता ती तिथे एकटी असते आणि मी पुण्यात. परवा फोनवर विचारलं, ‘आई, आवाज काहून असा येऊन राहिला तुझा?’

‘अरे कुछ नहीं, थोडी थकान है. तू टेन्शन मत ले.’

मला त्याच क्षणी कळलं. आमच्या घरात वाढलेल्या कोणालाही कळलं असतं. पण आणखी एक प्रश्न विचारला असता, तर खरं उत्तर आलं असतं आणि मला निघावं लागलं असतं. ताटातली पोळी गार होत होती.

‘चलो, ठीक है,’ मी म्हणालो. मीसुद्धा हिंदीत.