ढुम्मा कोण?

पन्नासच्या दशकातली गोष्ट, पण ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा मुलुंडच्या बाजूला फौजदार होतो. एका कारकुनाची दोन वर्षांची मुलगी अंगणातून नाहीशी झाली आणि तासाभराने मिठागराच्या बांधावर एकटीच रडताना सापडली. हातातल्या सोन्याच्या बांगड्या गायब! दोन पावलांवर खाडीचं पाणी. पोर जरा सरकली असती तर?

खबर दूधवाल्याने दिली. पोरीला कडेवर घेऊन जाणारा माणूस त्याने पाठमोरा पाहिला होता. पोर रडत नव्हती, म्हणजे माणूस ओळखीचा. संशय अर्थातच घरातल्या मोलकरणीवर गेला. आई बाळंतीण, त्यामुळे पोर दिवसभर हिच्याच कडेवर. बाई मालवणकडची.

"कुणाला सामील आहेस? बोल!" मी दरडावलं. ती नुसती रडत मान हलवत राहिली. ही रडारड मी खूप पाहिली होती, मी कशाला विश्वास ठेवतोय!

मग पोरीलाच ठाण्यात आणायला लावलं. बापाच्या कडेवरून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पोईत ताता!" म्हणजे पोलीस काका. हवालदाराची टोपी 'तोपी', बाहेरची गाडी 'दादी'. सगळं ठाणं हसायला लागलं. मी विचारलं, "बांगडी कुणी काढली गं?"

"ढुम्मानं."

बापाला कळेना, सोबत आलेल्या आजीलाही कळेना. "बागुलबुवा म्हणत असेल, साहेब," हवालदार म्हणाला. मोलकरीण मात्र पदराने डोळे पुसून पुढे आली.

"सायबानू, माज्या घोवाक ती ढुम्मा म्हणता," ती म्हणाली. "तो तिका ढोल वाजवून दाखवता."

नवऱ्याच्या हातात बेडी पडणार होती आणि बायकोच त्या बोलाचा अर्थ सांगत होती. बांगड्या तिच्याच खोलीत तांदळाच्या डब्यात निघाल्या. नवऱ्याने गुन्हा कबूल केला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर नोकरमाणसावर पहिला संशय घेताना माझीच जीभ अडखळू लागली.

पंचनामा झाल्यावर मी तिला विचारलं, "बागुलबुवाच म्हणून मान डोलावली असतीस, तर कुणाला कळलं असतं?"

बापाच्या खांद्यावर झोपलेल्या पोरीकडे बघत ती म्हणाली, "तिका कळला असता, सायबानू."