राहुकाळ सरेपर्यंत

सिझेरियनला मुहूर्त काढायची पद्धत आमच्या कर्जत भागात आता शिकल्यासवरल्या घरांतही रुळली आहे. इथल्या एका छोट्या खासगी दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. पंचांग मला कामापुरतं कळतं.

ती बाई मिरजगावकडची. पहिलं बाळंतपणही सिझेरियनच. ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक तेव्हा आमच्याकडे वॉर्डातच द्यायची रीत होती. ते चिरा घेण्याआधीच्या तासाभरात जायला हवं, तरच जखम पिकायचा धोका कमी होतो. सकाळी इंजेक्शन देऊन तिला थिएटरच्या दारापर्यंत आणलं, आणि सासू आडवी आली.

"राहुकाळ सरू द्या, सिस्टर. लेकराच्या पत्रिकेचा सवाल हाय."

"मावशी, हे आधी नाही सांगायचं?"

"तुमी इचारलं व्हय?"

डॉक्टर हसले. "आजी, मुहूर्त तुम्ही सांभाळा, पेशंट आम्ही सांभाळतो."

बाळाचे ठोके चांगले होते, घाई नव्हती. मधल्या वेळात त्यांनी हर्नियाचा पेशंट आत घेतला. तो लांबला. तिला टेबलावर घेतलं तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

"अँटिबायोटिक गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेलं, सर," वॉर्डची सिस्टर म्हणाली. खरंच गेलं होतं. कधी, ते कुणी विचारलं नाही.

मुलगा झाला. पेढे आले. घरी गेल्यावर टाके पिकले, ताप चढला. घरच्यांनी गावातल्या मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या. आमच्याकडे आणली तेव्हा जखम उघडली होती. नगरला हलवली. तिथे गर्भपिशवी काढली, तरी जंतू रक्तात पसरलेच. ती गेली.

इंजेक्शनची वेळ चुकली म्हणूनच गेली, असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. डॉक्टरांनी रीत मात्र बदलली. आता इंजेक्शन टेबलावरच, आणि दिल्याची वेळ मोठ्याने सांगितल्याशिवाय चाकू हातात नाही.

पुढे सासू बाळाला लस द्यायला घेऊन आली.

"भटजींनी येळ तर लई चांगली काढली हुती, सिस्टर."

"तुम्ही तिला दारात थांबवलं, मावशी. आम्ही इंजेक्शन परत दिलं नाही."

"मंजी आमीच व्हय?"

"तुम्ही आणि आम्ही."

तिने बाळाचं टोपडं खाली ओढलं. दूध कुठलं देता, मी विचारलं.

"वरचंच. दुसरं कुठनं आनू?"

बाटली दर वेळी उकळून घ्या, एवढं सांगितलं आणि मी आत गेले. टेबलावर पेशंट होता.