अकरा दिवसांचे चणे

ऑक्टोबर महिनाभर आमच्या वाडीत माता घरोघर जाते. माता म्हणजे मरियामातेची हातभर उंचीची लाकडी मूर्ती, काचेच्या पेटीत बसवलेली. रोज संध्याकाळी आदल्या दिवशीच्या घरातून पेटी उचलायची आणि मेणबत्त्या धरून, रोझरीची माळ म्हणत पुढच्या घरी न्यायची. तिथं माळ संपते, गाणी होतात आणि मग घरचे लोक सगळ्यांना उकडलेले चणे देतात, ओल्या खोबऱ्याचे काप घातलेले. पोरं उघडच म्हणतात की आम्ही चण्यांसाठी येतो. मोठी माणसं म्हणत नाहीत एवढंच.

कुठल्या दिवशी कुठलं घर, ती यादी मी करतो. मी चौलच्या पुढे एका शाळेत मराठी शिकवतो, अक्षर बरं आहे आणि कुणाला नाही म्हणता येत नाही. चर्चमध्ये एवढं असलं की माणसाला काम मिळतं. माळही मीच सांगतो, म्हणजे पुढे चालतो आणि प्रार्थनेचा पहिला भाग म्हणतो, बाकीचे मागून उरलेला म्हणतात. आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या गटातही मी आहे. वाडीत मला भला माणूस समजतात. हे आधीच सांगितलेलं बरं.

गेल्या वर्षी त्या यादीतून मी एक घर गाळलं. ते माझ्या मादीनचं होतं.

बाप्तिस्म्याच्या वेळी जिनं आपल्याला हातात धरलेलं असतं, तिला आम्ही मादीन म्हणतो. ती भेटली की हात जोडून ‘बेसांव’ म्हणायचं, आशीर्वाद मागायचा आणि तिनं अंगठ्यानं आपल्या कपाळावर क्रूस काढायचा. माझं वय बावन्न झालं तरी ती काढायची. मच्छीबाजारात, हाताला कोळंबीचा वास असताना, चार लोकांसमोर. माझ्या विद्यार्थ्यांनी एकदा ते पाहिलं आणि आठवडाभर वर्गात कपाळावर अंगठे फिरत होते.

तिचा नवरा तरुणपणीच गेला. मूलबाळ नाही. बहिणीची मुलगी तिच्याजवळ राहायची, किहीमला एका कॉटेजवाल्यांकडे कामाला जायची. मादीननं चर्च किती वर्षं झाडलं, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. मग तिला साखर निघाली आणि पायाला जखम झाली. भरायची, पुन्हा फुटायची. पुढे तिचं चर्चला येणं बंद झालं.

त्या जखमेचा वास यायचा. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. आजाऱ्यांच्या गटातर्फे मी तिच्याकडे जायचो तेव्हा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की तोंडानं श्वास घ्यायचो. ऑगस्टमध्ये एकदा मी बोलता बोलता नाकाला रुमाल लावला.

“सर्दी झाली काय रं?” तिनं विचारलं.

“हो, जरा.”

“गवती चहा घेऊन जा मागच्या दारचा. आणि पावसात हिंडू नको आता, म्हातारा झालास तू पण.”

मी गवती चहा घेऊन आलो. त्यानंतर मी दारातूनच विचारपूस करू लागलो. माझी सर्दी तुला नको लागायला, असं म्हणायचो.

सप्टेंबरमध्ये यादीचं काम निघालं तेव्हा गायनमंडळ चालवणाऱ्या बाईंनी मला चर्चच्या पायरीवर गाठलं.

“सर, तिच्या घरी यंदा कसं करायचं?”

“कसं म्हणजे?”

“त्या एवढ्याशा खोलीत तासभर बसायचं. गेल्या वेळी माझी सून बाहेर जाऊन ओकली. पोटुशी होती म्हणा, पण तरी.”

“बघतो.”

“आणि तिला तरी किती त्रास. एवढी माणसं, चणे उकडा, वाटा. उभं राहवत नाही हो तिला.”

बाईंचं पहिलं बोलणं मी मनावर घेतलं नसतं. दुसऱ्यात मला वाट दिसली. तिला त्रास नको, हे म्हणायला किती छान वाटतं. घरं चौतीस आणि दिवस एकतीस, त्यामुळे कुणीतरी राहणारच होतं. दरवर्षी मी दोन-तीन भावांची घरं एकत्र करून जमवायचो. त्या वर्षी दोन जोड्या केल्या आणि तिसरं घर सरळ सोडून दिलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर यादी वाचली. कुणी काही विचारलं नाही. मादीन तर चर्चला येतच नव्हती, तिला कळणार कुठून. तिच्या दाराशी जाऊन सांगणं माझं काम होतं. मी गेलो नाही.

पण तिला यादीची गरजच नव्हती. विहिरीजवळच्या घरानंतर माता आपल्याकडे येते, हे तिला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं.

त्या संध्याकाळी विहिरीजवळच्या घरातून आम्ही पेटी उचलली. चाळीसेक माणसं असतील. पुढचं घर तिच्या घरावरूनच पलीकडे. वळण घेतलं आणि मला ती दिसली. दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, दुखऱ्या पायाला नवं फडकं गुंडाळलेलं. अंगण सारवलं होतं. आत टेबलावर पांढरा कपडा अंथरून मेणबत्त्या लावल्या होत्या आणि मध्ये पेटीपुरती जागा सोडली होती.

मी थांबलो नाही. पुढची प्रार्थना जरा मोठ्यानं सुरू केली. मागच्यांनी उत्तर दिलं आणि मिरवणूक तिच्या दारावरून पुढे निघाली.

“अरं,” ती म्हणाली. “आज माझा नंबर हाय ना?”

मग मला मागे यावं लागलं. मी म्हटलं, “मादीन, यंदा तुला त्रास नको म्हणून ठरवलं.”

“कुणी?”

“सगळ्यांनी.”

कुणीही काही ठरवलं नव्हतं. ठरवणारा मी एकटा.

“बरं,” ती म्हणाली. पेटी समोरून गेली तेव्हा तिनं आपल्यावर क्रूस काढला. मग भिंतीचा आधार घेत आत गेली आणि एक मोठा स्टीलचा डबा घेऊन आली. “एवढे केले हायेत. तिथं वाटा,” म्हणाली. डबा गरम होता.

पलीकडच्या घरी ओट्यावर त्यांच्या चण्यांच्या पातेल्याशेजारी मी तो ठेवला. कुणाचा, ते सगळ्यांना माहीत होतं. गायनमंडळाच्या बाईंनी झाकण लावून तो हळूच कोपऱ्यात सरकवला. कुणी हात लावला नाही. मीही लावला नाही. माणसं पांगल्यावर मी डबा उचलला, खाडीवर गेलो आणि तिवरांच्या मुळाशी रिकामा केला. सकाळी धुतलेला डबा परत द्यायला गेलो.

“खाल्ले का रं सगळ्यांनी?”

मला म्हणता आलं असतं की तिथं आधीच खूप होतं, उरले. मी म्हणालो, “अगं, पुरले नाहीत.”

तिचा चेहरा किती फुलला ते मला लिहिता येत नाही. “पुरले न्हाईत?” तिनं पुन्हा विचारलं. “मग आज जास्ती करते.”

“कशाला त्रास घेतेस, मादीन.”

“मातेच्या कामाचा कसला त्रास? माझ्या घरी न्हाय आली तर न्हाय. चणे तरी जातील.”

मातेचे अकरा दिवस उरले होते. ती अकराही दिवस चणे करत राहिली. सकाळी पाणी ओढायची, चणे निवडायची, नारळ फोडून काप करायची, चुलीपुढे उभी राहायची. संध्याकाळी मी दारातून डबा घ्यायचो, तो त्या त्या घरी कोपऱ्यात ठेवायचो आणि नंतर खाडीवर न्यायचो. सकाळी सांगायचो, फार छान झाले होते. एकदा तर मी म्हणालो की पलीकडच्या आळीतली मुलं भांडली चण्यांवरून. तिला हसू आवरेना.

गायनमंडळाच्या बाईंनी मला खाडीकडून येताना एकदा पाहिलं. सगळं लक्षात आलं त्यांच्या. म्हणाल्या, “सर, तुम्ही तिचं मन राखताय. असं कुणाला सुचत नाही.” त्या मनापासून बोलत होत्या. आणि मला बरं वाटलं. हेही लिहिलंच पाहिजे. त्या अकरा दिवसांत मला स्वतःविषयी बरं वाटत होतं.

ऑक्टोबर संपला आणि आठवड्याभरात तिचा पाय काळा पडला. अलिबागला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी भाचीला विचारलं, हिला पाय टेकू देऊ नका असं सांगितलं होतं ना? ही इतकी उभी कशाला राहिली? भाचीनं सांगितलं, देवाचं काम होतं. गुडघ्यापासून पाय काढला. तरी विष वर चढलंच.

मी भेटायला गेलो. तिथं औषधांचा वास होता, तिचा नव्हता, त्यामुळे मी अगदी खाटेजवळ बसू शकलो. हात जोडून बेसांव म्हटलं. तिला हात उचलवेना. मी वाकलो, तेव्हा तिनं कसाबसा माझ्या कपाळाला अंगठा लावला. मग हळूच म्हणाली, “एक इचारू?”

“विचार ना.”

“चण्यात मीठ ज्यास्ती पडायचं का रं? खरं सांग. माझी जीभ मेलीय. चाखलं तरी मला कळत न्हाय. रोज भ्या वाटायचं.”

तेव्हा सांगायचं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, भाची खाली औषधं आणायला गेली होती. ती स्वतः खरं सांग म्हणत होती. अकरा दिवसांत मी एक दाणा तोंडात टाकला नव्हता. मीठ कसं होतं ते मला माहीतच नव्हतं.

“बरोबर असायचं,” मी म्हणालो.

“मग झालं,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

नाताळाच्या दहा-बारा दिवस आधी ती गेली. दफनाला चर्च भरलं. शवपेटीवर इतकी फुलं की लाकूड दिसत नव्हतं. फादरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी तिचा धर्मपुत्र आणि शिवाय बोलणारा माणूस. मी उभा राहिलो आणि काय बोललो, तर स्वतःच्या पायावर उभं राहता येत नव्हतं तरी तिनं शेवटपर्यंत तुम्हा-आम्हाला आपल्या हातचे चणे खाऊ घातले. समोरची माणसं डोळे पुसत होती. त्यांतल्या एकानंही ते खाल्ले नव्हते आणि प्रत्येकाला ते माहीत होतं. कुणाची मान वर झाली नाही. भाची तेवढी माझ्याकडे बघत होती. नंतर तिनं माझे दोन्ही हात धरले. “सर, तुम्ही होतात म्हणून मावशीचा शेवटचा ऑक्टोबर आनंदात गेला.” तिला काहीच माहीत नव्हतं.

त्यानंतर मला माळ सांगता येईना. मध्येच मोजणी चुकायची. उपवासकाळात मी फादरांकडे पापनिवेदनाला गेलो आणि सगळं सांगितलं. ते तरुण आहेत, वसईकडचे. ऐकून घेतलं, प्रायश्चित्त दिलं, पापक्षमा दिली. मग विचारलं, “मला सांगितलंत. आणखी कुणाला सांगायला हवं होतं का?”

“ती नाही आता.”

“तिचं कुणीच नाही?”

मला उठून जायला सहा महिने लागले. या सप्टेंबरमध्ये, यादी करायच्या आधी, रविवारी दुपारी मी त्या घरी गेलो. भाचीनं बसायला खुर्ची दिली. मी उभ्यानंच सांगितलं, नाहीतर सांगून झालं नसतं. यादीतून घर मी गाळलं. सगळ्यांनी ठरवलं नव्हतं. चणे कुणी खाल्ले नाहीत, मी खाडीत टाकत होतो. हॉस्पिटलात खोटं बोललो. चर्चमध्ये शवपेटीपुढे उभा राहून खोटं बोललो.

मग तिनं विचारलं, “अकराही दिवस?”

“हो.”

“मीठ मी बघायचे, सर. ड्युटीवर जायच्या आधी ती मला हाक मारायची, ये गं, चाख. चांगले असायचे. मी सांगितलं तरी तिला खरं वाटायचं नाही.” मग ती म्हणाली, “एक तरी खाऊन बघायचात.”

मला क्षमा मागायची होती. शब्द घरून जुळवून नेले होते. पण तिनं माझ्याकडे पाठ फिरवली होती, ते शब्द तसेच राहिले. शेवटी मी विचारलं, “यंदा यादीत तुमचं घर घालू?”

“घाला,” ती म्हणाली. “विहिरीवाल्यांच्या नंतर, नेहमीसारखं. चणे मी करणार आहे. ज्यांना खायचे त्यांनी खावेत, नसतील खायचे तर माझ्यासमोर सोडून जावेत.”

“बरं.”

“आणि त्या दिवशी माळ दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लावा. तुम्ही नका येऊ.”

यादी आता तयार आहे. तिचं घर विहिरीजवळच्या घराखाली लिहिलंय. माळ सांगायला मी गायनमंडळाच्या बाईंना विचारलं, त्यांनी कारण विचारलं, आणि मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, आता जुनं कशाला उकरता? मग त्या रडायला लागल्या आणि म्हणाल्या, मी सांगेन माळ. येत्या रविवारी यादी वाचून दाखवायची आहे. वाचायच्या आधी, गेल्या वर्षी हे घर का नव्हतं ते सर्वांसमोर सांगेन, असं मी फादरांना कळवलंय. आणि माता भाचीकडे जाईल त्या संध्याकाळी वाडीतले लोक तिच्या घरात बसतील तेव्हा मी तिथं नसेन.