दोन बादल्या, एक दार

विमानतळाचे संडास धुणाऱ्या आम्ही बायका. किस्से आपोआप साचतात. झाडूवालीला कान नसतात असं समजून लोक आमच्यासमोर काहीही बोलतात. पण आमचे स्वतःचे किस्से सगळे एकाच गोष्टीचे. सुरक्षेची ऑर्डर! मोडली की कोर्ट.

ती पहिल्यांदा समजावली तेव्हा साहेब इंग्रजीत बोलला आणि सुपरवायझरनं तमिळमध्ये सांगितलं. दोन वर्षं जेल, नाहीतर एक कोटी दंड, नाहीतर दोन्ही. आमच्या सेल्वीनं हात वर केला.

"सार, आपण निवडायचं का?"

कुणी हसलं नाही. आम्ही मनात निवडूनच बसलो होतो.

*

पोन्नी आमच्यातली सगळ्यात भित्री. नवऱ्यानं दात पाडला तरी पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही. एकदा भांडणात त्यानं तिचा विमानतळाचा पास अड्यार नदीत फेकला. पास हरवला आणि कळवलं नाही, तर केस. पोन्नी अनवाणी ठाण्यात पळाली! इन्स्पेक्टरनं विचारलं, कुणी फेकला?

"माझ्याच हातून पडला, सार."

*

आमच्याच शहरात, नुंगंबाक्कमला नोकरी करणारा पुण्याचा एक पोरगा. तपासणीच्या रांगेत मित्राला मराठीत म्हणाला, डब्यात बॉम्ब आहे. उचललाच त्याला. बोलणं समजावून सांगायला मला बोलावलं. मी तंजावरच्या मराठी घरातली, चौथी शिकलेली. तो रडत होता. "मावशी, मी मराठीत बोललो हो. इथं कुणाला कळणार?"

"बॉम्बला मराठीत काय म्हणतात रे?"

डब्यात आईनं दिलेले लाडू होते.

*

आमच्या कामाच्या वाटेवर एक दार आहे. प्रत्येकीनं यंत्राला आपला पास लावूनच आत जायचं, मागचीसाठी दार धरायचं नाही. पण आमच्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. म्हणून पुढची दाराला पाय लावून उभी राहते, मागची येते. वर्षानुवर्षं असंच.

त्या दिवशी सेल्वीच्या मागून आमच्याच गणवेशात एक नवी बाई आली. दोन्ही हातांत बादल्या. सेल्वीनं पाय लावला. "ये ग, जड आहेत."

आत येऊन बाईनं बादल्या ठेवल्या आणि ओळखपत्र दाखवलं. तपासणीची अधिकारी! बाई खोटी, पण बादल्या खऱ्याच जड होत्या.

सेल्वीचा पास तिथंच काढून घेतला. केस होणार, ती बाई म्हणाली. सेल्वीच्या घरात दोन लेकरं, कमावणारी ही एकटी. सेल्वी एवढंच बोलली, "मॅडम, तुमचे हात मोकळे नव्हते."

तिला घेऊन गेले. मग पुरावा म्हणून बाईनं त्या बादल्या उचलल्या आणि परत दाराशी आली. पास गळ्यात, हात गुंतलेले. पुढे पोन्नी बाहेर पडत होती. सवयीनं तिचा पाय दाराला लागलाही होता.

"अम्मा, दार धर जरा," बाई म्हणाली.

पोन्नीनं वळून बघितलं. पाय काढून घेतला.

"दोन वर्षं, मॅडम."