आक्कांचं माहेर

नळाला पाणी आलं आणि घरात कुणी ओरडलं नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. आमच्या पुंडलिकनगरात पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि त्या पहाटे आक्का अख्खी गल्ली उठवायच्या. "शोभेऽऽ, पाणी आलं गं! लोळतीस काय अजून, महाराणी?" इतकी वर्षं त्या हाकेवर मी चरफडतच उठले. फाल्गुनातल्या त्या पहाटे हौदात धार पडल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू आला, हाक मात्र आली नाही. मी त्यांच्या खोलीत गेले. कुशीवर निजलेल्या, एक हात उशाखाली. झोपेतच गेल्या होत्या. कुणाला त्रास नाही, कुणाकडून काही करून घेणं नाही. त्यांना हवं होतं तसंच झालं, असं सगळे म्हणाले. मला काही ते आवडलं नाही. आता महिना उलटून गेलाय, मन जरा थाऱ्यावर आलंय, म्हणून लिहायला बसले.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या या घरात होत्याच. त्यांच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि एका दिवाळीला आक्कांना माहेरी पोचवलं, ते परत न्यायला काही आला नाही. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळं घरात हे, मी आणि आक्का. लग्न ठरलं तेव्हा आमच्या गावातल्या बायका आईला म्हणाल्या होत्या, "घरात बसलेली नणंद हाय. पोरीला सुखानं घास खाऊ द्यायची नाय." मीही कंबर कसूनच आले होते. झालं उलटंच. आक्का मला काही करूच देईनात. मी झाडू शोधावा तर अंगण झाडून, सडा टाकून तयार. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायच्या, कूलरच्या जाळीत नवं गवत भरायचं, पावसाळा तोंडावर आला की गच्चीच्या भेगा सिमेंटानं बुजवायच्या, महालक्ष्म्यांचं पुरण वाटायचं, थंडीत भोगीच्या भाज्या निवडायच्या... सगळं त्यांनीच. आणि वर तोंडाचा पट्टा चालूच. "हे वरण हाय व्हय? आठवड्याचं पाणी एकाच पातेल्यात ओतलं का काय?"

मला आधी वाटलं, बाईला घर आपल्या ताब्यात ठेवायचंय. मग एकदा त्या तापानं फणफणत असताना धुणं घेऊन बसल्या. मी बादली ओढली तर म्हणाल्या, "राहू दे. मी कुणाचं फुकट खात नाय." सख्ख्या भावाच्या घरात ही बाई एकेका घासाची भरपाई करत होती! मला रडू आलं आणि रागही आला. रागच जास्त.

फुलंब्रीच्या पुढं आमचं गाव. उन्हाळा लागला की माझा भाऊ भानुदास मला न्यायला यायचा, आणि आक्का माझी पिशवी भरून देऊन दारात उभ्या राहायच्या, "निवांत ऱ्हा गं, घराचा घोर करू नको." एका वैशाखात मला कंटाळा आला. ऊन लई होतं. यंदा नाही जात, म्हणाले. आक्का गच्चीवर कुरडया उलटवत होत्या. हसत हसत म्हणाल्या, "जा बाई. तुला जायला जागा हाय. मी माहेरातच ऱ्हाते, मंग माहेराला जाऊ कुठं?" आणि पुन्हा कुरडया उलटवायला लागल्या. मला मात्र जागचं हलवेना. खरंच की! बायका वर्षभर राबतात आणि चार दिवस आईकडं जाऊन पाय पसरतात. या बाईनं पाय पसरायचे तरी कुठं?

"आक्का, तुम्हीपण चला माझ्यासंगं."

"येडी का खुळी तू? नणंद कधी भावजयीच्या माहेरी जाती व्हय?"

हे वाळूजच्या कंपनीतून पहिली पाळी करून आले, त्यांनीही तेच तुणतुणं लावलं, "लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, लोकांना म्हणावं, आधी येऊन आमचं पाणी भरा. तर आक्कांनी तेच अस्त्र काढलं, "आन् पाणी कोण भरंल?" "हे भरतील," मी म्हणाले. यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. भरलं त्यांनी, नाही असं नाही. पण नळ चालू ठेवून झोपी गेले आणि सगळी गल्ली धुऊन काढली. शेजारीण अजून सांगते.

गावी पहिल्या सकाळी आक्का सवयीनं उठल्या आणि अंगणात झाडू धरला. माझ्या आईनं धावत येऊन तो हिसकावला. "माहेराला आलेल्या लेकीनं झाडू धरायचा नसतो. बस तिथं!" आक्का बाजेवर बसल्या. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना, कधी मांडीवर, कधी पदराखाली. दोन-तीन दिवस असंच चाललं. मग एका सकाळी ऊन बाजेवर आलं तरी बाई उठेनात. चक्क घोरत होत्या! आईनं सगळ्या घराला हळू बोलायला लावलं. उठल्यावर चहाचा एक घोट घेतला आणि आक्कांनी तोंड वाकडं केलं. "मावशी, साखर कमी हाय." मी हबकलेच. आई मात्र खुशीत येऊन माझ्या कानाशी लागली, "आता लेक झाली बघ."

निघताना आईनं दोघींच्या ओट्या भरायला घेतल्या. आक्का मागं सरल्या. "माझी नको मावशी. मी टाकलेली बाई..."

"पसर पदर मुकाट्यानं," आई म्हणाली, "एस्टी निघून जाईल."

खण, नारळ, गहू पदरात पडले. एस्टीत आक्का खिडकीकडं तोंड करून बसल्या. फुलंब्री येईपर्यंत पदरातले गहू चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "गहू चांगलाय तुमचा."

त्यानंतर दर उन्हाळ्याला आम्ही दोघी जायचो. पुढं पुढं तर भानुदासचा फोन आला की तो मला विचारायचाच नाही, "आक्का कधी येणार?" एवढंच. माझं माहेर बाईनं माझ्या डोळ्यांदेखत बळकावलं! आई गेली तेव्हा माझ्यापेक्षा मोठा हंबरडा त्यांनीच फोडला. घरीही बदलल्या. एक दिवस पोळपाट माझ्याकडं सारून म्हणाल्या, "आज कंटाळा आलाय. तूच लाट." मला इतका आनंद झाला की पोळ्यांबरोबर शिरापण केला. त्यालाही त्यांनी नावं ठेवलीच. आणि एका महालक्ष्म्यांना हळदीकुंकवाला आलेल्या बाईनं खोचून विचारलं, "तुम्ही काय, कायमच्या माहेरीच, नाही का?" तर आक्का शांतपणे म्हणाल्या, "हे भावाचं घर हाय. माहेर माझं फुलंब्रीकडं." ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मी तिला पानसुपारी दिली.

फाल्गुनातल्या त्या सकाळी भावकी जमली. अंघोळ घातली, आणि यांच्या म्हाताऱ्या चुलत्यांनी विचारलं, "माहेरचं पातळ कुठाय?" आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं पातळ माहेरच्यांनी आणायचं असतं. "माहेर बी हेच आन् घर बी हेच. कुणी आणायचं?" कुणीतरी पुटपुटलं. कपाटातलंच एखादं काढा, असंही कुणी म्हणालं. हे आक्कांच्या उशाशी बसलेले, त्यांच्या कानावर काही जातच नव्हतं. माझा जीव नुसता तळमळला. जन्मभर जे नव्हतं म्हणून ही बाई राबली, ते शेवटच्या घटकेलाही नाही असंच चार लोकांत ठरणार का...

तेवढ्यात दारात भानुदास आला. फोनवर मी त्याला "आक्का गेल्या" एवढंच म्हणू शकले होते. ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून, दुकान उघडायला लावून आला होता. काखेत कागदात गुंडाळलेलं हिरवंगार पातळ.

"सरका जरा," तो म्हणाला. "माहेरचं पातळ आणलंय."

चुलत्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. "तू कोण रं?"

"आक्काचा भाऊ."

यांनी मान वर केली. उशाशी स्वतः बसले होते, तिथून सरकून त्यांनी भानुदासला जागा दिली.