खिशातला डावा हात

ॲम्प्लिफायर उघडला की ह्यांचा डावा हात आपोआप खिशात जातो. दोन्ही हात आत असताना झटका बसला तर वीज छातीतून जाते, म्हणून ही सवय. निवृत्तीनंतर ह्यांनी काचेच्या व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर दुरुस्तीला काढलाय, आणि मी स्वयंपाक सोडून त्या खिशावर नजर ठेवून उभी असते.

आज त्यातला वीज साठवणारा जुना कपॅसिटर बदलायचा होता. तो अंगठ्याएवढा, मेण गळलेला. टेबलावरचे दोन नवे जेमतेम चिंचोक्याएवढे.

"कुठला बसवू?"

"जो फुटणार नाही तो."

"अगं, दोन्ही जुन्यापेक्षा जास्त व्होल्ट सोसतात. कमी सोसणारा चालतच नाही."

एवढासा जीव, तो जास्त सोसणार? माझा काही विश्वास बसेना. त्यात प्लग काढला तरी आत वीज शिल्लक राहते, हेही ह्यांनीच सांगितलेलं. मग बंद झालं असं म्हणायचं तरी कधी? ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर "आता काळजी नको" म्हणाले, त्यालाही वर्ष होत आलं. माझ्या आत ती अजून तशीच आहे.

शेवटी त्यातला एक बसला. व्हॉल्व्हच्या काचेतल्या तारा तांबूस उजळल्या, आवाजातली जुनी घरघर गेली, गाणं स्वच्छ उमटलं. ह्यांनी हसत डावा हात खिशातून काढून माझ्यापुढे केला.

मी आधी ॲम्प्लिफायरचा प्लग ओढला, मग तो हात धरला. गाणं मात्र लगेच थांबलं नाही. मंद होत होत ते थोडा वेळ वाजतच राहिलं.