भिंतीवरचा जवळा

नव्वदच्या दशकात पनवेलच्या बाजारामागे आम्ही तळघरासाठी खोल खड्डा खणत होतो. शेजारच्या घराखालची माती ढासळू नये म्हणून काँक्रीटची भिंत मी डिझाइन केली होती. त्या घरातली कोळीण रोज सकाळी काठावर यायची, टाचेने जमीन दाबून बघायची आणि मला दरडावायची, "माजं घर गिळशील रं!" भांडीकुंडी तिने केव्हाच बहिणीकडे हलवली होती.

पावसाळा सरला. खड्डा तळाला पोचला, भिंत जागची हलली नाही. एका सकाळी पाहतो तर भिंतीच्या माथ्यावर तिने जवळा वाळत घातलेला!

"मावशी, हे काय?"

"आता ही माज्या घरची भिंत हाय."

पाहणीला आलेल्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मी मात्र छाती भरून श्वास घेतला.